रेवतीलाच न सांगितलेला तिचा आजार

प्रिय ओजस आणि सई,

गेल्या महिन्यात फोनवर सईने मला विचारले, "आजी, रेवतीताईला नक्की काय झालं होतं?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्या आईने फोन घेतला आणि मेलबर्नला थंडी किती पडली आहे ते सांगू लागली. तुम्हाला दमा असे सांगितलेले आहे, हे मला माहीत आहे. दमा नाही. तुमच्या मामेबहिणीला एचआयव्ही आहे. जन्मापासून आहे.

हे मी आधी लिहिले नाही, कारण सांगण्याचा हक्क माझा नव्हता. आता रेवतीला अठरा पूर्ण झाली. मी तिला विचारले, "त्या दोघांना लिहू का?" ती ओले काजूगर सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लिही. पण माका बिचारी करू नको. आणि तू काय केलंस ता पण लिही."

तेव्हा या पत्रात तिचा आजार आहे आणि माझे वागणेही आहे. तुमची आई रागावेल. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते, आणि ती भाषा मी तेहेतीस वर्षे शिकवली आहे. पण इंग्रजीत मी फार सभ्य होते. या घराचे जे नुकसान झाले, त्यातले बरेच सभ्यपणाने झाले आहे.

निदान

तुमचा सुहासमामा ठाण्याला नोकरीला होता. त्याची बायको मनीषा, रेवती दोन वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली. न्यूमोनिया का झाला हे आम्ही विचारले नाही. पुढे दोन वर्षांनी सुहास आजारी पडून गावी आला. नांदगाव स्टेशनवर भाईने त्याला डब्यातून उचलून खाली घेतले. भाई म्हणजे तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. शेजारचे घर त्याचे, मागची काजूची बाग त्याची. त्याला मूलबाळ नाही. त्याने रेवतीला त्या दिवशी दुसऱ्या खांद्यावर घेतले, ते तिला शाळेत घालेपर्यंत खाली ठेवले नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी सुहासचे रक्त तपासले. मग म्हणाले, मुलीचेही तपासायला हवे. रेवती रडली नाही. सुई टोचल्यावर कापूस लावला तर "ह्या हाताकपण लाव" म्हणून दुसरा हात पुढे केला.

अहवाल इंग्रजीत होता. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो मुलीचा नव्हता. तो होता, हे कोणाकोणाला कळेल. दुसरा विचार मनीषाचा. ती मेलेली होती, उत्तर देऊ शकत नव्हती. त्याच आठवड्यात मी तुमच्या आईला फोनवर म्हटले, "कुठून घेऊन आली होती कोण जाणे." सुहास आतल्या खोलीत पडून ऐकत होता. कोणाकडून कोणाला आले हे मला आजही माहीत नाही. पण सुहास गेला त्याच्या तेराव्यालाही मी सुनेला दोष देत होते, हे खरे आहे.

रक्त वाढायच्या गोळ्या

एआरटी केंद्रात, म्हणजे जिथे या आजाराची औषधे मिळतात तिथे, नेहा मॅडम समुपदेशक होत्या. वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्या म्हणाल्या, "मुलीला थोडं थोडं सांगत चला. सहा-सात वर्षांची झाली की शरीरात एक जंतू आहे, गोळीने तो झोपतो, इतकं सांगा. दहा-बारापर्यंत नावासकट सगळं कळायला हवं. नाहीतर ते तिला बाहेरून कळेल, आणि वाईट तऱ्हेने कळेल."

मी म्हटले, "मी शिक्षिका आहे. कधी सांगायचं ते मला कळतं."

मी बाटल्यांवरची लेबले कोमट पाण्यात भिजवून काढली. रेवतीला सांगितले की या रक्त वाढायच्या गोळ्या. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवला आणि रोज गोळी घेतली की तिने स्वतः बरोबरची खूण करायची, असा नियम घातला. माझे सगळे नियम असेच नीटनेटके असत. केंद्रावर जायच्या दिवशी आम्ही तोंडाला ओढणी बांधायचो आणि एक थांबा पुढे उतरून चालत मागे यायचो. कोणी भेटले तर तिने काय सांगायचे ते मी घरून पाठ करून घेत असे. ती हुशार, एकदाही चुकली नाही.

भाईला मात्र मी खरे सांगितले होते, कारण माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिला केंद्रावर नेणारे कोणीतरी हवे होते. देवासमोर उभे करून मी त्याच्याकडून शब्द घेतला, कोणालाही सांगणार नाही म्हणून.

रेवती तेरा वर्षांची असताना तिला पाळी आली. आता जे लिहिते ते लिहायला मला सगळ्यात जड जाते आहे. तुमच्या आईला पाळी आली तेव्हा मी या घरातले बाहेर बसणे बंद केले होते. सासूबाईंशी त्यावरून दोन वर्षे अबोला होता आणि मला त्याचा अभिमान होता. रेवतीसाठी मी ते पुन्हा सुरू केले. वेगळी चटई, वेगळी बादली, चार दिवस पडवीत. मला रक्ताची भीती वाटत होती. नेहा मॅडमनी सांगितले होते की नेहमीची स्वच्छता पुरे आहे. मला ते पटतही होते, तरी मी केले. रेवतीने विचारले, "शेजारच्यो पोरी बसनत नाय. मी कित्याक?" मी म्हटले, "आपल्या घरची पद्धत आहे." पाळी का येते, शरीरात काय बदलते, मुलगा आवडला तर काय होते, यातले एक वाक्यही मी बोलले नाही. मी वर्गात सत्तर मुलांसमोर उभी राहिलेली बाई.

गाऱ्हाणे

ती पंधरा वर्षांची असताना दहावीच्या वर्षी बारीक होऊ लागली. भाईचा जीव टांगणीला लागला.

आमच्याकडे काही अडले की देवळात गाऱ्हाणे घालतात. गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, देवासमोर उभा राहून ज्याचे दुःख असेल ते मोठ्याने देवाला सांगतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. परीक्षेसाठी, आंब्याच्या मोहरासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी लोक गाऱ्हाणी घालतात. भाई म्हणाला, "वयनी, चेडवासाठी एक नारळ ठेवया." मी म्हटले, ठेव.

सकाळचे दहा वाजले असतील. सभामंडपात पंधरा-वीस पुरुष, खांबांकडे आम्ही बायका. रेवती हातात नारळ घेऊन पुढे उभी. भाईने गावकराच्या कानात काहीतरी सांगितले. गावकर म्हातारा, सरळ माणूस. देवापुढे आडपडदा ठेवायचा नसतो, इतकेच त्याला माहीत.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "आज जा काय ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे हुभा आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेका आवशी-बापाशीकडना जो काय एड्साचो आजार इलो आसा."

दोघातिघांनी माना वळवल्या. मग सवयीने आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"तो वाटेत अडव. तेच्या अंगाक बळ दी. काय चूकभूल झाली असात तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझ्या मनात त्या क्षणी काय आले ते सांगते. शब्द चुकला, असे आले. तिला एचआयव्ही होता, एड्स नव्हे. आयुष्यभर वह्या तपासल्याचा परिणाम. मग मी रेवतीकडे पाहिले. तिने नारळ नीट देवासमोर ठेवला, नमस्कार केला, वळली आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली.

घरी आल्यावर मी भाईवर तुटून पडले. "शब्द दिल्लंस ना माका? कोणाक सांगूचंय नाय म्हणून?"

तो खरोखर गोंधळला होता. "मी कोणाक सांगूक नाय, वयनी. देवाक सांगलंय."

"आणि तो मंडप भरून माणसां हुभी होती ती?"

"ती हुभी रवतातच," तो म्हणाला. "ती देवाचीच माणसां."

मी तेव्हा त्याला खूप वाईट बोलले. पण त्याच्यामुळे निदान रेवतीला खरे कळले होते. मी अकरा वर्षांत तेवढेही केले नव्हते.

खुणा

त्या दिवशी रेवतीने एकच विचारले, "तुका म्हायत होता?"

"हो."

"माझ्या बाबाक?"

"हो."

"म्हणजे फकत माकाच नाय."

नंतर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलू लागली. गावाने काही दगड मारले नाहीत. तसे इथे होत नाही. समोरच्या घरून गौरीच्या सणाचे ताट येत असे, ते आले नाही. शाळेत तिच्या बाकावरची मुलगी चष्म्याचे कारण सांगून पुढच्या बाकावर गेली. हळदीकुंकवाला बोलावणे आले ते मला एकटीला. मी गेले, हेही लिहून ठेवते. न गेल्यास आणखी चर्चा होईल, असे मी स्वतःला सांगितले.

तक्त्यावर खुणा रोज होत होत्या. मी रोज बघत होते आणि समाधान मानत होते. सात महिने तिने एकही गोळी घेतली नव्हती. त्या ती पडवीच्या मागे माडाच्या आळ्यात पुरत होती.

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, ताप सुरू झाला. खोकला, घाम, वजन उतरलेले. तपासणीत फुप्फुसाचा क्षय निघाला. मेच्या सुरुवातीला तिला भरती केले, एकोणीस दिवस.

एकोणीस दिवस

रुग्णालयाचा दिवस फार लवकर सुरू होतो. झाडू, फिनेल, ताप बघणे, नाष्टा, डॉक्टरांची फेरी. त्यानंतर दुपारपर्यंत काही नसते. मी स्टुलावर बसायची, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. भाई रोज सकाळच्या एसटीने किटलीत पेज घेऊन यायचा. ती माझ्या हातून खात नसे, त्याच्या हातून खात असे. ज्याने गावासमोर बोलून टाकले त्याला तिने माफ केले होते, मला नाही. मला ते अन्यायाचे वाटे. आता वाटत नाही.

त्याच मे महिन्यात तुम्ही आला होता. आठवते ना, कुणकेश्वरला समुद्राजवळ राहिलात, आठ दिवस? तुम्हाला वाटले, किनाऱ्यासाठी. तुमच्या आईला तुम्हाला या घरात, या ताटवाट्यांत ठेवायचे नव्हते. ती एकटी रुग्णालयात आली, दारात उभी राहिली. क्षयाची भीती मी समजू शकले असते. पण ती मला बाहेर बोलावून म्हणाली, "आई, घरातली भांडी तरी वेगळी केली आहेस ना?" मला तिला ओरडायचे होते. पण चटई आणि बादली वेगळी करणारी मीच होते. तिने नवे काही विचारले नव्हते.

चौथ्या की पाचव्या दिवशी नेहा मॅडम आल्या. त्यांनी रेवतीला विचारले, "तुला काय हवंय?"

"आजीन भायेर बसूचा."

मी बाहेर बसले. तासाभराने मॅडम आल्या. रेवतीची परवानगी घेऊन त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नववीत शाळेची सहल कुणकेश्वरला गेली होती. वर्गातल्या ओंकार नावाच्या मुलाबरोबर रेवतीने एकाच काडीचा बर्फाचा गोळा खाल्ला होता. खडकाआड त्याने तिचा हात धरला होता, एकदा चुंबन घेतले होते. देवळातल्या त्या सकाळपासून ती धरून चालली होती की आपण त्या मुलाला मारले. त्याला सर्दी झाली तरी ती घाबरायची. गोळ्या तिने म्हणूनच बंद केल्या. तो मरणार असेल तर आपण कशाला जगायचे.

"मी तिला सांगितलं," मॅडम म्हणाल्या, "हात धरून होत नाही, एका काडीने खाऊन होत नाही, चुंबनाने होत नाही. आधी तिचा विश्वास बसेना. मग रडली."

इतके तीन वाक्यांत सांगता आले असते. मला ते माहीत होते. माझ्या कपाटात त्याची छापील पुस्तिका होती.

मॅडमनी मला आणखी एक शिकवले. "तिला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात भरवलं जात नाही. न विचारल्याने ती एकटी पडते." मला दोन दिवस लागले. शेवटी दुपारी, वॉर्ड जरा शांत असताना, भिंतीकडे वळलेल्या तिच्या पाठीला मी विचारले.

न वळताच ती म्हणाली, "कधी कधी. आज नाय."

"वाटलं तर सांगशील?"

"तुका नाय. मॅडमका सांगेन."

मी म्हटले, चालेल. चालत नव्हते, पण म्हटले.

प्राजक्ता

मी तिला पुन्हा गोळ्या घ्यायला लावल्या, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. रुग्णालयात परिचारिका समोर उभी राहून गोळी देत होती, म्हणून ती गिळत होती. घरी आल्यावर काय करेल हे कोणालाच माहीत नव्हते, आणि पुन्हा बंद केल्या तर ती या वेळी वाचली तशी वाचेल, असे डॉक्टर म्हणायला तयार नव्हते.

केंद्रावर महिन्यातून एका शनिवारी अशा मुलामुलींना एकत्र बसवतात. पालकांना आत घेत नाहीत. पहिल्या शनिवारी रेवती जायला तयार नव्हती. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. तिथे प्राजक्ता आली. बावीसेक वर्षांची, काजूच्या कारखान्यात काम करणारी, काजूच्या तेलाने बोटे काळी झालेली. तिने माझ्याकडे बघितले, रेवतीकडे बघितले.

"आजयेन आणल्यान काय गो?"

रेवतीने मान खाली घातली.

"माका मावशीन आणलेली. कानाक धरून." ती शेजारी बसली. "किती वर्षां घेतंस?"

"चार वर्षांची होतंय तेव्हापासून."

"मग माझ्यापेक्षा सिनियर तू. मी आठवीपासून. कंटाळो येता ना?"

रेवतीने पहिल्यांदा मान वर केली. "मरणाचो."

"माकापण. मी रोज गोळयेक एक शिवी घालतंय आणि गिळतंय. शिवयो संपत इल्यो आता. तुझ्याकडे आसत काय नवीन?"

रेवती हसली. नऊ-दहा महिन्यांत मी ते पाहिले नव्हते. माझ्यासमोर शिवी द्यायची तिची पंचाईत झाली, म्हणून त्या दोघी उठून आत गेल्या.

प्राजक्ताचे पुढच्या वर्षी लग्न ठरले. मुलाला सगळे माहीत आहे, तो तिच्याबरोबर केंद्रावर येऊन बसला होता. गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही, मूलही निरोगी होऊ शकते, हे मला माझ्या वयाच्या सत्तराव्या वर्षी रेवतीने समजावले, स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता, डोळे माझ्यावर ठेवून. मी खाली बघितले नाही. तेवढे मला जमले.

आज

मी तिची माफी मागितली आहे. ती म्हणाली, "तू माझ्यासाठी नाय लपवलंस. तुझ्यासाठी लपवलंस." मी म्हटले, हो. त्यावर एकही गोड शब्द मी जोडला नाही.

ओजस, सई, तुमच्या ओळखीत असे मूल असेल तर त्याला त्याचे शरीर त्याच्याच घरात समजावे, एवढे करा. आणि तुमच्या आईला हे पत्र दाखवा. मनीषाविषयी मी जे बोलले होते ते तिच्याही मनात आहे, ते मी परत घेते आहे. आता ऐकायला मनीषा नाही.

रेवतीचे एक वर्ष गेले. क्षय बरा झाला, पण चढ चढताना अजून तिला दम लागतो. यंदा ती बारावीला बसली. पुढे गोव्याला हॉटेलचे शिक्षण घ्यायचे म्हणते. मला तिथे तिच्यासोबत कोण असेल याची काळजी आहे. तिने सांगितले, काळजी तुझी तू कर. समोरच्या घरचे ताट अजून येत नाही. भाई देवळात जातो, पण आता मागे उभा राहतो आणि "व्हय म्हाराजा" म्हणत नाही. ओंकार पुण्याला शिकायला गेला, धडधाकट आहे.

गेल्या तपासणीत रेवतीच्या रक्तात विषाणू सापडला नाही. अहवाल तिने स्वतः वाचला आणि मग मला दिला. ती गोळी घेते की नाही हे मी बघत नाही, विचारते, आणि ती खरे सांगते. दोन दिवस चुकली होती, तेही तिने सांगितले. तिचा माझ्यावरचा विश्वास परत आलेला नाही. ती जिवंत आहे, आणि माझ्याशी खोटे बोलत नाही. एवढे शिल्लक आहे.

तुमची,
आजी